एक कान घोडीचा

“दोन्ही कान एकालाच देऊन बसू नकोस, पोरी. एक कान माणसांचा, एक कान घोडीचा. तुझं लक्ष कुठं आहे ते घोडीला बरोबर कळतं. लक्ष गेलं की पान्हाही गेला.”

सासूचा हा आवाज बुरुलचाच्या मनात रोज पहाटे उमटायचा. ओढ्याच्या गार पाण्यानं हातपाय धुऊन ती नमाजाला उभी राहायची, नमाज झाला की बादली उचलायची, आणि पहिल्या घोडीपाशी गुडघा टेकताना ‘बिस्मिल्ला’ म्हणायची. तेव्हा तो आवाज शेजारीच बसल्यासारखा वाटे. सासूला ती एने म्हणायची. एने मागच्या हिवाळ्यात गेली, आणि सुसामिरच्या कुरणावरचा हा तिच्याविना पहिलाच उन्हाळा होता.

बुरुलचानं सगळं एनेसारखंच केलं होतं. लोकरीच्या नमद्याचं गोल घर त्याच जागी उभारलं. शिंगरं बांधायची लांब दोरी जमिनीलगत त्याच खुंट्यांना ताणली. घोडीच्या दुधाचा कुमिस आंबवायच्या चामडी पखालीला देवदाराच्या ढलप्यांची धुरी दिली. तरी घोड्या दूध देईनात. धार सुरू व्हायची, आणि अर्ध्यावर घोडी पान्हा चोरून मोकळी व्हायची.

कारण बुरुलचाला ठाऊक होतं. कुरणावर फोन लागायचा तो फक्त समोरच्या उतारावर, डोंगराच्या धारेवर आणि घरामागच्या टेकाडावर. टेकाडावर तिच्या नवऱ्यानं, एरमेकनं, एक खांब रोवून त्यावर पत्र्याची डबी ठोकली होती. फोन दिवसभर त्या डबीत. खिंड ओलांडून येणारे ट्रकवाले, छातीच्या दुखण्यावर कुमिस प्यायला येणारे म्हातारे, सगळे निघण्याआधी विचारून घ्यायचे. उचलला नाही, तर पुढच्या तंबूपाशी थांबायचे. एने होती तेव्हा एक जण दूध काढायचं, एक जण टेकाडावर धावायचं. आता धावणारीही बुरुलचा आणि काढणारीही तीच. नणंद मेरिम शिकायला शहरात असायची, सुट्टीपुरती यायची, आणि सकाळी तिला उठवणं हे फोनपर्यंत धावण्यापेक्षा अवघड होतं.

एका संध्याकाळी सासरे चहाचा वाडगा हातात धरून बसले होते. त्यांचं नाव बोरोनबाय. बोरोन म्हणजे हिमवादळ. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हा किर्गिझ घरांतला नेम बुरुलचानं लग्नाच्या दिवसापासून पाळला होता. इतका, की हिवाळ्यात खरंच हिमवादळ आलं तरी ती “पांढरा वारा आला” म्हणायची. हल्लीच्या सुना असलं काही पाळत नाहीत म्हणून मेरिम तिला चिडवायची. बुरुलचा हसून सोडून द्यायची.

“केलिन,” सासरे म्हणाले. सुनेला ते याच नावानं हाक मारत. “घोड्या तालासच्या माणसाला विकून टाकू. पौर्णिमेला येतो म्हणालाय.”

बुरुलचाच्या हातातली किटली तिथंच थांबली.

“तुझा दोष नाही गं. तुझी एने घोड्यांची होती. तू माणसांची आहेस. फोन वाजला की पळतेस. पळावंच लागतं, मला दिसतंय की. पण घोडीला काय सांगायचं?”

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिनं मान खाली घातली. “आता, पौर्णिमेपर्यंत मला बघू द्या.” वडील म्हणून ती त्यांना ‘आता’ म्हणायची.

“बघ. पण घोडी अर्धी सोडून उठलेलं मला पुन्हा दिसता कामा नये.”

पुढच्या जुम्म्याला एरमेकचा ट्रक रस्त्याला लागला. तो खाली उतरला तेव्हाही कुणाशी तरी बोलतच होता. हात दोन्ही रिकामे, फोन खिशात, कानाला एक काळं आकडी लावलेलं यंत्र, आणि त्यातून तोंडाकडे आलेली बोटभर दांडी. बुरुलचा त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिनं आधीही पाहिलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“फोन किती लांब राहिला तरी चालतं?”

“काय?”

“फोन ट्रकमध्ये आणि तुम्ही बाहेर, तर किती लांबपर्यंत बोलता येतं?”

एरमेकनं डोकं खाजवलं. “टायर बघत ट्रकला चक्कर मारतो, तोवर तुटत नाही. का गं?”

तिनं लोकरीची एक दोरी घेतली, टेकाडावरच्या खांबाला टोक बांधलं, आणि शिंगरांच्या रांगेच्या शेवटच्या खुंटीपर्यंत ताणत आणली. तिथं दोरीला गाठ मारली, गुंडाळी करून काखेत धरली आणि म्हणाली, “मला कारा-बाल्ताच्या बाजारात घेऊन चला. लाडकीलाही घेऊ.” नणंदेला ती लाडकी म्हणायची.

बाजारात मोबाइलच्या सामानाचं दुकान म्हणजे एक लोखंडी कंटेनर. आत एक चटपटीत तरुण उभा. त्यानं आधी मेरिमकडे पाहिलं आणि पांढऱ्या चकचकीत डबीतून दोन इवलेसे मणी काढून बुरुलचाला ‘एझे’, म्हणजे ताई, म्हणत पुढं केले.

“हे घ्या, एझे. दोन्ही कानांत घालायचे. जगात काय चाललंय ते कळणारसुद्धा नाही.”

“मला कळायला हवं,” बुरुलचा म्हणाली. “एकाच कानाचं दाखव.”

“अय्या झेने, हेच घे ना!” भावजयीचा हात ओढत मेरिम म्हणाली. “किती गोड दिसतायत.”

“लाडके, शिंगरू गिळेल ते.”

मग तिनं तरुणाला एकेक काढायला लावलं. एक इतकं गुळगुळीत, की बटण कुठं आहे ते सापडेना. “माझे हात दुधानं ओले असतात. मनगटानं दाबता आलं पाहिजे.” एकाला दांडीच नव्हती. ते तिनं कानाला लावून वर रुमाल बांधला आणि बाहेर ट्रकमध्ये थांबलेल्या एरमेकला फोन केला, तर त्याला नुसती कापडाची खसखस ऐकू गेली. “कुणी गवत कापतंय का तिथं?” त्यानं विचारलं. तिनं ते परत ठेवलं.

शेवटी तरुणानं वैतागून खालच्या खोक्यातून एक ओबडधोबड काळं हेडसेट काढलं. कानाला जाड आकडी, दांडी लांब, टोकाला स्पंजाची बोंडी, आणि बटण अंगठ्याएवढं. “हे ट्रकवाले नेतात. बाईमाणसाला शोभत नाही. पण एक आहे, वारा असो, इंजिन असो, तोंडासमोरचं तेवढंच पुढं पाठवतं.”

बुरुलचानं ते कानाला अडकवलं, वर रुमाल बांधला, आणि दांडी रुमालाच्या कडेतून बाहेर काढली. खसखस नाही. मग तिनं काखेतली दोरी काढली.

“एझे, हे काय?” तरुण घाबरला.

“फोन इथं राहू दे. लाडके, हे टोक धर.”

आणि बुरुलचा दोरी सोडत बाजारातून चालू लागली. मोजे विकणाऱ्या म्हाताऱ्या, गाजरवाल्या, मांसाची रांग, सगळे माना वळवून बघत होते. कुणीतरी ओरडलं, “बाई, बकरी सुटली वाटतं!” ती हळू आवाजात नवऱ्याशी बोलतच राहिली. “ऐकू येतंय? आता? आणि आता?” दोरीची गाठ हातात आली. एरमेकचा आवाज कानात तसाच खणखणीत. “येतंय गं बाई! विहिरीत उतरलीस तरी येईल!”

ती परत आली तेव्हा रुमालाखाली तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे हसत होते. “हेच.”

तरुणाला आता उत्साह आला. “यात आणखी एक गंमत आहे. बटण दाबून नाव घ्यायचं, की फोन आपोआप लागतो. तुमच्या बटणांच्या फोनमध्ये तुमच्याच आवाजात नाव भरून ठेवू. घरात जास्त कुणाला लावता?”

“माझ्या सासऱ्यांना.”

“घ्या त्यांचं नाव.”

बुरुलचानं रुमालाचं टोक तोंडाशी धरलं.

“लाजू नका एझे, मोठ्यानं घ्या! यंत्रच आहे ते!”

शेजारची मोजेवाली म्हातारी उठून उभीच राहिली. “अरे गाढवा, सून आहे ती! सासऱ्याचं नाव घ्यायला लावतोस भर बाजारात? तुझ्या आईनं काहीच शिकवलं नाही का रे?”

“आजी, मी काय केलं? यंत्रच मागतं!”

“मग यंत्रालाही शिकव!”

मेरिम पोट धरून हसत होती. बुरुलचानं मात्र क्षणभर विचार केला, दांडी तोंडापाशी आणली, आणि हळू, स्वच्छ आवाजात म्हणाली, “पांढऱ्या घोड्यावरचे आता.”

यंत्रानं टिंग केलं. नोंद झाली.

मोजेवाली खूश झाली. “बघ, यंत्र तुझ्यापेक्षा शहाणं निघालं.”

कुरणावर परतल्यावर बुरुलचानं हेडसेट घालून पहिली घोडी काढायला घेतली. बादली हाताला अडकवलेली, गुडघा जमिनीला, डोकं घोडीच्या कुशीला टेकलेलं. फोन वाजला. तिनं मनगटानं बटण दाबलं, “हो, आहे कुमिस, कालचा आहे, या,” असं धारेच्याच लयीत सांगितलं, आणि तिचे हात थांबले नाहीत. दुसरा कान घोडीकडे होता. घोडीनं कान मागे केला, मग सैल सोडला. पान्हा टिकला. बादली वरपर्यंत फेसाळली.

सासरे घोड्यावरून बघत होते. “कानाला गोचीड लागलीय,” एवढंच म्हणाले.

पण पखाल रोज जड होत गेली. तरी तालासच्या माणसाला त्यांनी नको म्हणून कळवलं नव्हतं. चंद्र भरत चालला होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी गारा आल्या. शिंगरं रांगेत बांधलेली, घोड्या समोरच्या उतारावर चरत होत्या, आणि सासरे पांढऱ्या घोड्यावर त्यांच्याजवळ. आधी एक गार हवा आली, मग आभाळ कोसळल्यासारखा मारा. घोड्या बिथरल्या आणि डोंगराच्या धारेपलीकडे उधळल्या. सासरे त्यांच्यामागे गेलेले बुरुलचानं पाहिले. गारा थांबल्या तेव्हा डोंगर दिसतच नव्हता. धुकं उतरलं होतं, दुधासारखं दाट.

कानात घंटी वाजली.

“काही नाही, केलिन,” सासरे म्हणाले. “जरा धुकं आहे. चहा ठेव. येतोच.”

शब्द नेहमीचे होते. पण हेडसेट कानाशी इतकं लगटून होतं, की शब्दांच्या मागचा श्वासही तिला ऐकू येत होता. श्वास उथळ होता. घोड्याची टाप नव्हती. आणि मधूनच एक दगड घरंगळत, घरंगळत खूप खाली जात होता. धारेला एकच बाजू अशी होती जिथं दगड इतका वेळ पडत राहतो. तिथं एनेचा दीर घोड्यासकट गेला होता.

“आता, हलू नका!” ती म्हणाली. तोच आवाज तुटला.

तिनं बटण दाबलं. “पांढऱ्या घोड्यावरचे आता!”

यंत्र म्हणालं, “नाव सापडलं नाही.”

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. भीतीनं तिचा आवाज चिरकत होता, बाजारातला तो आवाज उरलाच नव्हता. टेकाडावर धावून हातानं लावावा, तर फोनची ती डबी गारांनी चेपून घट्ट बसलेली. मेरिम आधीच तिथं पोचून तिच्याशी झटत होती.

“झेने, उघडत नाहीये!” मेरिम वरून रडत ओरडली. “नाव घे ना त्यांचं! खरं नाव घे! अल्ला माफ करेल!”

“खरं नाव यंत्राला माहीतच नाही, लाडके,” बुरुलचा म्हणाली. आणि हे बोलता बोलताच तिला शांत वाटलं. तिनं डोळे मिटले. रोज पहाटे घोडीपाशी गुडघा टेकताना घ्यायची तसा श्वास घेतला. मनात म्हणाली, ‘त्यांना घरी आण. एनेच्या नावानं सात घरी गरम भाकरी देईन, माझ्या पायांनी जाऊन देईन.’ मग ओठांवर आलं, “बिस्मिल्ला.” मनगटानं बटण दाबलं आणि ती म्हणाली, हळू, स्वच्छ:

“पांढऱ्या घोड्यावरचे आता.”

टिंग. घंटी जाऊ लागली.

“केलिन?”

“आता, घोड्या दिसतायत का?”

“आवाज येतोय. जवळच आहेत. पण सगळ्या घाबरून उभ्या आहेत, आणि मला माझ्या घोड्याचे कानसुद्धा दिसत नाहीत.”

“फोनचा आवाज मोठा करा. पूर्ण मोठा. आणि हात वर करून धरा.”

आजवर तिनं सासऱ्यांना कधी असं कर, तसं कर म्हटलं नव्हतं. पलीकडे फोन हातात फिरवल्याची खसखस झाली. मग खट्‌ आवाज झाला. त्यांनी ऐकलं होतं.

बुरुलचा तांबडीच्या शिंगराकडे धावली. तांबडी म्हणजे म्होरकी. ती जिकडे जाईल तिकडे बाकीच्या. दूध काढायची वेळ टळून गेल्यानं शिंगरू भुकेनं पाय आपटत होतं, आणि आईच्या नावानं खिंकाळत होतं. पण बुरुलचाच्या लक्षात आलं, हे यंत्र तोंडासमोरचं तेवढंच पुढं पाठवतं. दुकानदारानं त्याचंच कौतुक केलं होतं. तिनं रुमालाची गाठ सोडली, हेडसेट कानावरून उतरवलं, आणि दांडी शिंगराच्या ओल्या नाकासमोर धरली.

शिंगरू खिंकाळलं. बारीक, लांब, कातर. पुन्हा खिंकाळलं.

मग तिनं दांडी आपल्या तोंडाशी घेतली, आणि एने घोड्यांना दूध काढायला बोलवायची ती हाक दिली. “कुरू, कुरू, कुरूऽऽ...” एरवी कुजबुजल्यासारखं बोलणाऱ्या बुरुलचाचा तो आवाज ऐकून मेरिम टेकाडावर थबकलीच. तो तिच्या आईचा सूर होता.

हेडसेट पुन्हा कानाला. पलीकडून आधी वारा आला. मग एक खोल, भरड्या आवाजातली खिंकाळी.

“तांबडी!” सासरे ओरडले. “तांबडी वळली, केलिन! चालायला लागली!”

“लगाम सैल सोडा, आता. घोड्याला तिच्या मागे जाऊ द्या. तुम्ही काही करू नका.”

“म्हाताऱ्याला घोडं शिकवतेस?” ते म्हणाले, पण त्या आवाजात हसू होतं.

ती हाका देत राहिली. टेकाडापासून लांब जाता येत नव्हतं, आवाज तुटला असता. म्हणून ती शिंगरांच्या रांगेतच फिरत राहिली, एकदा हाक, एकदा शिंगराचं तोंड, पुन्हा हाक. एका कानात सासऱ्यांच्या घोड्याची टाप पडत होती, आधी दगडावर, मग मातीवर, मग गवतावर, मऊ मऊ. आणि मग तीच टाप दुसऱ्या, उघड्या कानालाही ऐकू आली.

धुक्यातून आधी तांबडीचं तोंड बाहेर आलं. तिच्या मागे बाकीच्या, आणि शेवटी पांढरा घोडा. धुक्यात तो दिसेना, नुसते सासरेच हवेत तरंगत येतायत असं वाटलं. फोन अजून डोक्यावर धरलेला.

“खाली घ्या हात, आता,” मेरिम टेकाडावरून रडत-हसत ओरडली. “पोचलात.”

तांबडी धावत शिंगराजवळ आली, आणि तिचा पान्हा उभ्या उभ्याच गळू लागला. बुरुलचानं बादली उचलली. सासऱ्यांना घोंगडी द्यावी, चहा द्यावा, हे सगळं मनात होतं. पण घोडी थांबणार नव्हती. ती गुडघ्यावर बसली. शिंगराला धरायला मेरिमला हाक मारणार, तोच शेजारी कुणीतरी आलं. सासऱ्यांनी स्वतः शिंगराच्या गळ्यात हात घातला होता. एने असताना ते असेच उभे राहायचे.

धार बादलीत वाजू लागली.

“केलिन,” थोड्या वेळानं ते म्हणाले, “त्या यंत्रात माझं नाव काय आहे गं?”

बुरुलचानं मान घोडीच्या कुशीत लपवली. मेरिमनं टेकाडावरून ओरडून सांगितलं. सासरे इतके मोठ्यानं हसले, की तांबडीनं कान मागे केले, आणि सून म्हणाली, “हळू, आता. घोडी ऐकतेय.”

दुसऱ्या दिवशी तालासचा माणूस रिकामा ट्रक घेऊन आला. सासऱ्यांनी त्याला बसवलं, वाडग्यामागून वाडगे कुमिस पाजला, धुक्याची गोष्ट सांगितली, मग चहा झाल्यावर पुन्हा सांगितली.

“ते सगळं ठीक, आक्साकाल,” वडीलधाऱ्याचा मान राखत तो माणूस म्हणाला. “पण घोड्या?”

“घोड्या माझ्या नाहीत,” सासरे म्हणाले. “ज्यांचा पान्हा तिच्या हाकेला फुटतो, त्या तिच्या. तिला विचार.”

त्यानं बुरुलचाकडे पाहिलं. ती पखाल घुसळत होती, कानाला काळी आकडी, आणि कुणाला तरी हळू आवाजात सांगत होती, “हो, आहे. या. यंदाही आहे, पुढच्या वर्षीही असेल.”

तो माणूस ट्रकमध्ये घोड्यांऐवजी कुमिसाचं पिंप घेऊन गेला. तो गेल्यावर सासऱ्यांनी एरमेकला फोन लावून घेतला. “मलाही तसलंच एक आण. चकचकीत नको. तुझ्या बायकोचं आहे तसलं, गोचीड.”

पहाटे बुरुलचानं कढईत तेल तापवलं. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो असं एने सांगायची. कबूल केलेल्या सात भाकरी तळल्या, धुतलेल्या फडक्यात गुंडाळल्या. मेरिमला आज पहिल्यांदाच हाक न मारता जाग आली होती. हेडसेट तिच्या कानाला अडकवून बुरुलचा म्हणाली, “फोन आला तर बोल. दुसरा कान तांबडीकडे ठेव.”

“आणि तू कुठं?”

“इथंच, जाऊन येते.”

गवत दवानं भिजलं होतं. फडक्यातली ऊब छातीशी धरून, ओठांतल्या ओठांत एनेच्या नावानं दुवा म्हणत, ती ओढ्यापलीकडच्या पहिल्या घराच्या दिशेनं चालू लागली.